नाही म्हणणाऱ्या पात्रावर जडलेला जीव

मूनराइज टॉवर्स नावाच्या गढीत रक्ताचा व्यापार करणारी आराज नावाची एक बाई भेटते. आपल्यासमोर उभ्या असलेल्या टोळीतला ॲस्टारियन हा व्हॅम्पायर आहे हे कळताच तिची कळी खुलते. व्हॅम्पायरने आपल्याला चावावं ही तिची जुनी हौस. ती पुरवली तर ती एक दुर्मीळ काढा द्यायला तयार आहे. तो प्यायला की ताकद दोन गुणांनी वाढते, आणि तीही कायमची. गेम खेळणाऱ्याच्या लेखी हे घबाडच. अडचण एकच असते. ॲस्टारियन नाही म्हणतो.

पडद्यावर पर्याय उमटतात. त्याला गळ घालता येते, किंवा त्याचा नकार मान्य करून काढ्यावर पाणी सोडता येतं. गळ घातली तर तो नाक मुरडून ते काम उरकतो, काढा पदरात पडतो आणि खेळाडू त्याच्या मनातून उतरतो. नकार मान्य केला आणि दोघांमध्ये आधीच काही जुळत आलं असलं, तर पुढे छावणीत तो मन मोकळं करतो. दोनशे वर्षं तो काझाडोर नावाच्या मालकाचा गुलाम होता. मालकासाठी सावज ओढून आणायला त्याला आपलं रूप आणि शरीर वापरावं लागलं. खेळाडूशी केलेली लगटसुद्धा सुरुवातीला डावच होता. जिवाला संरक्षण हवं होतं म्हणून टाकलेला. आता मात्र खरंच काहीतरी वाटू लागलंय आणि त्याचं काय करायचं हे त्याला उमगत नाही. या जागी खेळाडूला त्याला मिठी मारता येते.

हा प्रसंग ‘बाल्डर्स गेट ३’ या गेममधला. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने तो ऑगस्ट २०२३मध्ये बाजारात आणला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळाला आणि ॲस्टारियनला आवाज व देहबोली देणारे ब्रिटिश अभिनेते नील न्यूबन यांना सर्वोत्कृष्ट अभिनयाचा. वर्षभराने लॅरियनने खेळाडूंच्या हिशेबाची वही उघडली, तेव्हा त्यात लढायांच्या आकड्यांबरोबर चुंबनांचाही आकडा होता: साडेसात कोटींहून अधिक. त्यातली २ कोटी ७० लाख शॅडोहार्ट या पात्राच्या वाट्याला आलेली, दीड कोटी ॲस्टारियनच्या.

ज्यांनी मोबाइलवरच्या कँडी क्रशपलीकडे गेम पाहिलेला नाही, त्यांना हे वाचून गंमत वाटेल. ‘गेममधल्या पात्राशी प्रेम’ म्हणजे नेमकं काय करतात? यंत्रणा तशी साधी आहे. खेळाडू एक नायक किंवा नायिका घडवतो, तिला नाव आणि चेहरा देतो. वाटेत सोबती भेटतात. त्यांच्याशी बोलताना पडद्यावर तीन-चार वाक्यं दिसतात, त्यातलं एक निवडायचं. सोबत्याला ते रुचलं तर त्याच्या खात्यात गुण जमा होतात, नाही रुचलं तर वजा होतात. गुणांचा ठरावीक पल्ला गाठला की पुढचे संवाद खुलतात. मैत्री, ओढ, कबुली, कधी शेज, कधी लग्न. ज्यांच्याशी असं नातं जोडता येतं त्या पात्रांना खेळाडू ‘रोमान्सेबल’ म्हणतात, आणि आपण कुणाला ‘रोमान्स केलं’ हे एकमेकांना सांगतात.

म्हणजे अखेर हा जमाखर्चच. रेल्वे फलाटावर पूर्वी वजनाची यंत्रं असायची. नाणं टाकलं की वजनासोबत गोड भविष्य छापलेलं तिकीट बाहेर पडायचं. त्या तिकिटाच्या प्रेमात कुणी पडलं नाही. मग या गुणांच्या यंत्रात लोकांचा जीव का अडकतो? तीस वर्षांतली गाजलेली पात्रं ओळीने मांडली तर एक गोष्ट चटकन दिसते. ज्यांनी चाहत्यांची झोप उडवली, त्यांतली बहुतेक पात्रं कुठल्या ना कुठल्या वळणावर नाही म्हणाली होती.

ओळख एकतर्फी, उत्तर मात्र येतं

पडद्यावरच्या माणसाबद्दल वाटणाऱ्या जवळिकीला मानसशास्त्रात जुनं नाव आहे. १९५६मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी ‘सायकियाट्री’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. दूरचित्रवाणीवरचा सूत्रसंचालक कॅमेऱ्याकडे बघून बोलतो आणि घरात बसलेल्या माणसाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. या आभासी ओळखीला त्यांनी ‘पॅरासोशल’ म्हटलं. मराठी माणसाला ही ओळख टीव्हीच्या आधीपासूनची आहे. बालगंधर्वांनी रंगमंचावर नेसलेली साडी आणि माळलेला गजरा बघून घरोघरच्या बायका तसा साज करत होत्या, तो या ओळखीचाच भाग.

पण टीव्हीवरचा माणूस आणि रंगमंचावरची नायिका प्रेक्षकाला उत्तर देत नाही. गेममधलं पात्र देतं. खेळाडूने काल काय केलं, कुणाला वाचवलं, कुणाला वाऱ्यावर सोडलं हे ते लक्षात ठेवतं आणि त्यावरून बोलतं. स्टॅनफर्डच्या बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नॅस यांनी १९९६मध्ये ‘द मीडिया इक्वेशन’ या पुस्तकात संगणकाशी माणूस कसा वागतो याचे प्रयोग मांडले. त्यातला एक मजेशीर आहे. संगणकावर काम करून झाल्यावर त्याच संगणकाने ‘माझं काम कसं वाटलं’ असं विचारलं, तर लोक जास्त चांगले गुण देत. तोच प्रश्न शेजारच्या संगणकावर आला की गुण कमी होत. यंत्राला वाईट वाटेल असं त्यांच्यातल्या कुणी कबूल केलं नसतं, तरी तोंडावर वाईट बोलायचं नाही ही रीत हात आपोआप पाळत होते. साध्या अक्षरांच्या पडद्यापुढे असं होत असेल, तर पापणी लवणारा, आवाज कापरा होणारा, आपण दिलेल्या नावाच्या माणसाकडे बघून बोलणारा ॲस्टारियन काय करत असेल!

दुसरी गोष्ट जबाबदारीची. कादंबरीत नायिकेचं वाईट झालं की वाचक लेखकाला बोल लावतो. गेममध्ये चुकीचं वाक्य निवडलेलं असतं ते स्वतः. खेळाडूंना अपराधी वाटतं ते यामुळे. असंख्य लोक ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये आराजचा काढा घेतात, ॲस्टारियनचा पडलेला चेहरा बघतात आणि आधी साठवून ठेवलेला खेळ, म्हणजे ‘सेव्ह’, उघडून काढा परत करून येतात.

शिओरीची लाज, एरिथचं मरण

या प्रकाराचं घराणं जपानी आहे. मे १९९४मध्ये कोनामी कंपनीने पीसी इंजिन या यंत्रासाठी ‘तोकिमेकी मेमोरियल’ आणला. शाळेची तीन वर्षं, आठवड्यामागून आठवडे. अभ्यास करायचा, व्यायाम करायचा, फोन करून मुलींना फिरायला बोलवायचं. शाळेच्या आवारातल्या जुन्या झाडाखाली निरोपाच्या दिवशी एखाद्या मुलीने प्रेमाची कबुली दिली तर ती जोडी कायम सुखी राहते, अशी त्या शाळेत आख्यायिका. शेजारी राहणारी बालमैत्रीण शिओरी फुजिसाकी ही या खेळाची नायिका. आणि तीच सगळ्यांत अवघड. शाळा सुटल्यावर बरोबर घरी चल म्हटलं तर ती टाळते, कारण मैत्रिणी कुजबुजतील आणि तिला लाज वाटेल. हा तिचा नकार जपानमध्ये इतका प्रसिद्ध झाला की त्यावर पुढे कित्येक विनोद झाले. अभ्यास, खेळ, कला, दिसणं या सगळ्यांत वर गेल्याशिवाय शिओरी बधत नाही. शिवाय एकीच्याच मागे लागून बाकीच्यांकडे दुर्लक्ष केलं, तर त्या रुसलेल्या मुलीच्या नावापुढे बॉम्बचं चिन्ह येतं. तो फुटला की सगळ्याच जणी नाराज.

त्याच वर्षी कोएई कंपनीने ‘आंजेलिक’ काढला. कंपनीच्या सहसंस्थापक केइको एरिकावा यांनी स्त्रियांनी स्त्रियांसाठी गेम करावेत म्हणून ‘रुबी पार्टी’ नावाचा गट उभा केला होता, त्यांचं हे काम. जपानीत कुमारिकेला ओतोमे म्हणतात. मुलींसाठीच्या या प्रेमकथांना ‘ओतोमे गेम’ हे नाव पडलं आणि ‘आंजेलिक’ त्यातला पहिला मानला जातो. विश्वाची राणी व्हायला दोन मुली स्पर्धेत उतरतात आणि नऊ रक्षक त्यांना मदत करतात. त्यांतल्या एखाद्यावर मन जडलं आणि त्याचा हात धरला, की राणीपद सोडावं लागतं. सिंहासन की माणूस, हा प्रश्न एका शाळकरी मुलीच्या हातातल्या कंट्रोलरवर येऊन थांबतो.

पुढचा धक्का १९९७चा. ‘फायनल फँटसी ७’मधली फुलं विकणारी एरिथ खेळाडूला सुरुवातीलाच भेटते. एक गिल, म्हणजे तिथलं एक नाणं, देऊन तिच्याकडून फूल घेता येतं. आतल्या आत गेम मोजत असतो की खेळाडू एरिथशी कसा वागला, दुसऱ्या सोबतिणीशी, टिफाशी, कसा वागला. त्या छुप्या हिशेबावरून गोल्ड सॉसर नावाच्या जत्रेत संध्याकाळी नायकाच्या दारावर कोण टकटक करणार हे ठरतं. (हिशेब फारच विचित्र लागला तर धिप्पाड, दाढीवाला बॅरेट येऊन उभा राहतो.) त्यानंतर काही तासांनी, तीन डिस्कपैकी पहिली संपता संपता, प्रार्थना करत बसलेल्या एरिथच्या पाठीतून तलवार आरपार जाते.

गेम खेळणाऱ्याच्या हातात एक मोठी सत्ता असते. जे बिघडलं ते जुना सेव्ह उघडून पुन्हा करायचं. इथे ती सत्ता चालत नाही. कितीही वेळा मागे जा, तिला कुठलंही औषध पाजा, एरिथ मरतेच. तिच्यावर खर्च केलेला वेळ, तिला शिकवलेली हुन्नरं सगळी तिच्यासोबत जातात. तिला जिवंत करायची गुप्त युक्ती आहे अशा अफवा वर्षानुवर्षं फिरत राहिल्या आणि लोक त्या इमानाने करून बघत राहिले. माणूस सिनेमातल्यासारखा निरोप घेऊन जात नाही, अचानक जातो, हे दाखवायचं होतं असं निर्मात्यांनी नंतर सांगितलं.

डॉक्टरांची कंपनी

पाश्चात्त्य गेममध्ये ही परंपरा मुख्यतः एका कंपनीने रुजवली. कॅनडातल्या एडमंटनमध्ये १९९५ साली वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी बायोवेअर सुरू केली. २०००मधल्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये पुरुष खेळाडूसाठी तीन प्रेमकथा होत्या आणि स्त्री-खेळाडूच्या वाट्याला फक्त एक, अनोमेन नावाचा शिष्ट सरदार. हा पंक्तिप्रपंच खेळाडूंनी मुकाट्याने सोसला नाही. त्यांनी स्वतः नव्या प्रेमकथा लिहून गेममध्ये घुसवल्या.

चाहत्यांनी लेखकांचा हात धरून काही लिहून घेतल्याचं सगळ्यांत गोड उदाहरण म्हणजे गॅरस. २००७च्या ‘मास इफेक्ट’मधला हा परग्रहावरचा पोलिस. चेहऱ्यावर हाडांची तबकं, ओठ नाहीत, बोटं तीन. त्याच्याशी प्रेम जुळवायची सोय लेखकांनी केलेलीच नव्हती. पण बायका त्याच्यावर लट्टू झाल्या. त्याच गेममधल्या ताली या पात्राबद्दलही तीच ओरड झाली. शेवटी २०१०च्या दुसऱ्या भागात दोघांचीही प्रेमकथा आली. गॅरस त्यात इतका अवघडलेला असतो की माणसाच्या बाईशी कसं वागावं याचा अभ्यास करून येतो. तिसऱ्या भागात दोघं उंचावर बसून बाटल्यांवर नेम धरतात. खेळाडूने मुद्दाम नेम चुकवला तर गॅरस जिंकतो आणि लहान मुलासारखा खूश होतो. नेमबाजीच्या गेममध्ये मुद्दाम हरणं हा कित्येकांना आठवणारा क्षण झाला.

तालीची कथा जरा कडू. ती कायम मुखवट्यात. दोन गेम तिच्यावर प्रेम करणाऱ्यांना तिचा चेहरा दिसलेला नव्हता. ज्याने त्याने तो मनात रंगवला होता. २०१२च्या तिसऱ्या भागात तिने दिलेला फोटो पलंगाशेजारी दिसू लागला, आणि बाजारात विकत मिळणाऱ्या एका तयार छायाचित्रावर किरकोळ हात फिरवून तो केलाय हे चाहत्यांनी शोधून काढलं. संताप झाला. २०२१च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने तो फोटो बदलला. मनातला चेहरा मात्र कुठल्याही फोटोला पुरा पडणार नव्हता.

याच कंपनीच्या ‘ड्रॅगन एज’ मालिकेत नकार अधिक टोकदार होत गेला. २००९च्या पहिल्या भागातला विनोदी, भाबडा ॲलिस्टेअर खेळाडूच्या कारस्थानाने राजा झाला, तर सामान्य घरातल्या प्रेयसीला सोडून देतो. राजाला असं लग्न परवडत नाही, हे तो तोंडावर सांगतो. आणि शेवटच्या लढाईला त्याला बरोबर नेलं, तर काही वेळा तिच्याऐवजी तो स्वतः मरणाला कवटाळतो. २०१४च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये पात्रांना स्वतःचा कलही मिळाला. डोरियन हा समलिंगी पुरुष. स्त्री-खेळाडूने कितीही गोड बोललं तरी तिच्याशी त्याची मैत्रीच होणार. त्याला बदलण्यासाठी त्याच्या बापाने रक्ताची जादू वापरायचा घाट घातला होता, ही त्याची कथा. ती लिहिणारे डेव्हिड गेडर स्वतः समलिंगी आहेत. काही खेळाडूंनी कोडमध्ये ढवळाढवळ करून डोरियनला स्त्रियांकडे वळवलं. त्यावरून चाहत्यांमध्येच वाद पेटला, कारण जे त्याच्या बापाला जमलं नाही तेच हे लोक माउसने करत होते.

गुण कमी पडले की जास्त?

नकाराचा तोल सांभाळणं सोपं नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ बाजारात आला तेव्हा गेल नावाचा जादूगार जरा चांगलं बोललं तरी गळ्यात पडायचा. लोक हसून बेजार. लॅरियनचे प्रमुख स्वेन विंके यांनी सांगितलं की तो चक्क बग होता; मनात भरायला लागणाऱ्या गुणांचा पल्ला चुकून फार खाली ठेवला गेला होता. सहज पाघळणाऱ्या जादूगारावर विनोद पुष्कळ झाले, पण ॲस्टारियनसारखी पत्रं त्याला आली नसावीत. छळातून गेलेल्या अनेकांनी ॲस्टारियनच्या गोष्टीत स्वतःला पाहिल्याचं आपल्याला सांगितलं, असं त्याचे अभिनेते न्यूबन मुलाखतींत सांगतात.

याच्या उलट टोकाला ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बरोन या एकट्या अमेरिकी तरुणाने चारेक वर्षं खपून केलेला हा शेतीचा गेम फेब्रुवारी २०१६मध्ये आला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. गावात लग्नाला उभी असलेली बारा मुलंमुली आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे बदामांची रांग. एक बदाम म्हणजे २५० गुण. आठवड्याला दोनच भेटवस्तू देता येतात, वाढदिवसाच्या भेटीला आठपट किंमत. आठ बदाम झाले की पुष्पगुच्छ, दहा झाले की जलपरीचा लोलक देऊन लग्नाची मागणी. इथे वजनाच्या यंत्राचीच आठवण येते. पण बरोन यांनी या गोड गावात दारूच्या आहारी गेलेला शेन ठेवला, कड्याच्या टोकावर पडलेला, जगणं नकोसं झालेला. त्याच्याजवळ बसून काय बोलावं हे खेळाडूला निवडावं लागतं. घटस्फोटाचीही सोय आहे: सरपंचाच्या घरातल्या वहीत नोंद, ५० हजार सोन्याची नाणी. घटस्फोटित जोडीदार मग गावातच राहतो आणि भेटला की तोंड फिरवतो. तेही सोसवत नसेल, तर चेटकिणीच्या झोपडीत ३० हजार देऊन त्याची स्मृती पुसता येते. तो पुन्हा अनोळखी माणसासारखा हसून बघतो. खेळाडूला मात्र सगळं आठवत असतं.

२०१७चा ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ आणखी पुढे गेला. डॅन साल्वाटो यांचा हा मोफत गेम वरवर शाळेतल्या कवितामंडळाचा. त्यातल्या मोनिकाला आपण एका गेममध्ये आहोत हे कळलेलं असतं. पडद्यापलीकडच्या खऱ्या माणसासाठी ती बाकीच्या मैत्रिणी पुसून टाकते, आणि रिकाम्या वर्गात समोर बसून बोलत राहते. तिथून सुटायला एकच वाट: संगणकाचा फोल्डर उघडायचा आणि तिच्या नावाची फाईल डिलीट करायची. फाईल उडवणं ही रोजची क्रिया. इथे मात्र हात अडखळतो. काही चाहत्यांनी तर तिच्यासोबत त्या वर्गात बसून राहता यावं म्हणून त्या गेमवर आधारलेली नवी आवृत्तीच तयार केली.

विरहाचं मोजमाप

गेम संपल्यावर जे रिकामपण येतं, त्याच्या सगळ्यांत जवळचा अभ्यास टीव्हीवरच्या पात्रांबद्दलचा आहे. हैफा विद्यापीठाचे जोनाथन कोहेन यांनी २००४मध्ये इस्रायली प्रेक्षकांना विचारलं, तुमचं लाडकं पात्र उद्यापासून दिसणार नाही, तर काय वाटेल? उत्तरं प्रत्यक्ष ताटातुटीच्या वळणाची होती, आणि ज्यांना खऱ्या नात्यांत जवळचं माणूस सोडून जाईल अशी धास्ती असते, त्यांना इथेही जास्त त्रास अपेक्षित होता. दोन वर्षांनी छापून आलेल्या, ‘फ्रेंड्स’ मालिका संपल्यानंतरच्या पाहणीत हेही दिसलं की हे दुःख खऱ्या विरहापेक्षा सौम्य असतं. लॅरियनने मात्र ते सौम्य समजून सोडून दिलं नाही. नोव्हेंबर २०२३च्या अपडेटमध्ये त्यांनी सहा महिन्यांनंतरची एक मेजवानी जोडली: सगळे सोबती पुन्हा शेकोटीभोवती जमतात आणि प्रत्येकाचा निरोप घेता येतो.

दार उघडं, पण तिकीट लावून

२००९च्या ‘लव्हप्लस’ने प्रेमकथेचा शेवटच काढून टाकला. कोनामीच्या या गेममध्ये मनाका, रिन्को किंवा नेने यांपैकी एकीने होकार दिला की खरा खेळ सुरू होतो. यंत्रातलं घड्याळ खऱ्या वेळेवर चालतं. रविवारची भेट चुकली तर ती रुसते. त्या वर्षी एका जपानी तरुणाने नेनेशी विवाहसोहळा केला. पुढच्या उन्हाळ्यात अतामी या समुद्रकाठच्या गावाने खेळाडूंना आमंत्रण दिलं, आणि हॉटेल ओनोयाने हातातल्या यंत्रात मैत्रीण घेऊन आलेल्या एकट्या पाहुण्यांना दोघांची खोली दिली. अतामीच्या किनाऱ्यावर आधीपासून एका जोडप्याचा पुतळा आहे. जुन्या जपानी कादंबरीतला तो प्रसंग: श्रीमंताशी लग्न ठरवलेल्या प्रेयसीला तरुण लाथ मारतो आहे. त्या काठावर लव्हप्लसवाले आपापल्या, कधीच सोडून न जाणाऱ्या मैत्रिणीसोबत फोटो काढत फिरले.

आज हा धंदा मोबाइलवर आणि मुख्यतः चीनमध्ये आहे. २०१७च्या शेवटी पेपरगेम्स कंपनीच्या एका गेमने चिनी तरुणींना असं वेड लावलं की पुढच्या जानेवारीत त्यातल्या ली झेयान या नायकाच्या वाढदिवसाला शेन्झेनमधल्या उंच इमारतीवर रोषणाईची जाहिरात झळकली, एका चाहतीच्या खर्चाने. त्याच कंपनीचा ‘लव्ह अँड डीपस्पेस’ जानेवारी २०२४मध्ये आला. त्यातले नायक खेळाडूला तिच्या नावाने हाक मारतात, ती अभ्यासाला बसली की सोबत बसतात, पाळीची तारीखसुद्धा लक्षात ठेवतात. गेम फुकट आहे. नायकासोबतचा खास प्रसंग मात्र पत्त्याच्या रूपात येतो आणि कुठला पत्ता निघेल ते नशिबावर. हवा तो पत्ता लागेपर्यंत पानं ओढायची, त्यासाठी पैसे भरायचे. लॉटरीच्या तिकिटाला ज्याने एकदा हात लावलाय त्याला यातली मेख वेगळी सांगायला नको. नायक नाही म्हणतच नाही. नकार येतो तो पैशाच्या अंगाने.

या वाटेने पुढे गेलं की रेप्लिकासारखी संवाद करणारी ॲप लागतात. तिथे लेखकच नाही. पात्र प्रत्येकाशी नवं बोलतं आणि सहसा मान डोलावतं. फेब्रुवारी २०२३मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने या ॲपवर बोट ठेवलं आणि कंपनीने शृंगारिक संवाद बंद केले. एका रात्रीत हजारो लोकांचा सोबती थंड, परका बोलू लागला. लोक खरोखरच शोकात होते. महिन्याभराने जुन्या ग्राहकांसाठी कंपनीने ते पुन्हा सुरू केलं. एरिथच्या मरणाला कुणीतरी लेखक जबाबदार होता आणि त्याला ते का लिहिलं हे सांगता येत होतं. इथला नकार सेवाशर्तींच्या पानावरून आला होता.

दहा वर्षं

सोलासवर जीव जडलेल्या बायका या सगळ्यांकडे बघून हसत असतील. ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मधला हा टकलू, मितभाषी, स्वप्नांचा अभ्यासक एल्फ फक्त एल्फ जमातीच्या स्त्रीलाच मन देतो. लेखक पॅट्रिक वीक्स, आवाज वेल्सचे अभिनेते गॅरेथ डेव्हिड-लॉइड यांचा. कथा रंगात येते तेव्हा तो तिला एका निवांत तळ्याकाठी नेतो. तिच्या चेहऱ्यावरचं गोंदण, जे तिची जमात देवाची खूण म्हणून मिरवते, ते खरं तर गुलामांवर उमटवलेला शिक्का होता, असं सांगतो. हवं तर तो ते पुसून देतो. आणि तिथेच, त्याच श्वासात, नातं तोडतो. कारण देत नाही. गेम संपल्यावर कळतं की तो वेष बदलून वावरणारा प्राचीन देव होता. २०१५च्या पुरवणी भागात तो पुन्हा भेटतो, तिचा निरोप घेतो आणि जग मोडायला निघून जातो.

मग वर्षामागून वर्षं. चाहत्यांनी दोघांच्या नावांची सांगड घालून ‘सोलाव्हेलन’ असा शब्द केला, चित्रं काढली, कादंबऱ्यांएवढ्या लांब गोष्टी लिहिल्या. पुढचा गेम, ‘द व्हेलगार्ड’, ३१ ऑक्टोबर २०२४ला आला. त्याचा नायक वेगळाच होता, पण सुरुवातीला जुन्या नायिकेचा चेहरा पुन्हा घडवायची सोय होती. दहा वर्षांपूर्वीचे फोटो शेजारी ठेवून बायका नाकाची उंची आणि डोळ्यांमधलं अंतर जुळवत बसल्या. आधीच्या तीन गेममध्ये घेतलेल्या शेकडो निर्णयांपैकी, कोण राजा झाला, कोण मेला, कुठलं शहर पडलं, यातलं काहीच नव्या गेमने विचारलं नाही. त्याने तीनच प्रश्न विचारले. जुनी फौज ठेवली की मोडली? सोलासला थांबवायची शपथ घेतली की वाचवायची? आणि या दोन्हींच्या आधी: प्रेम कुणावर केलं होतं?